कोमल ओव्हाळची यादी

कोमलला 'प्रॉडक्ट ओनर' केलं, त्या दिवशी तिनं परंदवडीला घरी येऊन आईला सांगितलं. चिमाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "ओनर म्हंजी मालकीन न्हवं? मंग पगार तू देनार का तुला मिळनार?" कोमल हसली. हसली खरी, पण त्या पदाचा अर्थ आईला नीट काही सांगता आला नाही तिला. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही तो कळायला वर्ष गेलं. कळला तो असा, की वैऱ्यालाही तसा कळू नये.

मुलगी गुणी, यात वाद नाही. दहा वर्षं तिनं कामशेतजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशिनी चालवल्या होत्या. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्यात अशी माणसं आठवड्यातून दोनदा यायची, चार-चार तास मशीनला जोडून पडायची आणि अंगातलं साठलेलं पाणी, घाण काढून घेऊन घरी जायची. सुई टोचायला कोमलच हवी म्हणून म्हातारी माणसं अडून बसायची. पुढे हॉस्पिटलनं ठरवलं, की कुणी कधी यायचं, जीपनं कुणाला कुठून घ्यायचं, हे सगळं आता ॲपवर. काम मिळालं लोणावळ्याच्या एका छोट्या कंपनीला. तिथले मॅनेजर सुहास सर. त्यांनी बरोबर ओळखलं, की या पेशंटांना नावानिशी ओळखणारं माणूस आपल्याकडे हवं. त्यांनी कोमललाच उचललं.

आता हा प्रॉडक्ट ओनर काय करतो, ते सांगते, अवघड नाही. पाच जणांची टीम. काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत चालतं, त्याला स्प्रिंट म्हणतात. भिंतीवर चिठ्ठ्यांची उभी रांग. एक चिठ्ठी म्हणजे एक काम. टीम रांगेच्या वरच्या टोकापासून कामं उचलते आणि पंधरा दिवसांत जेवढी होतील तेवढी करते. ती कशी करायची, यात कोमलनं नाक खुपसायचं नाही. पण कुठली चिठ्ठी वर आणि कुठली खाली, ते ठरवायचं तिनं, एकटीनं. सुहास सरांनीसुद्धा तिला विचारल्याशिवाय चिठ्ठी हलवायची नाही. आणि पंधरा दिवसांनी झालेलं काम बघून 'मान्य' म्हणायचं की परत पाठवायचं, तेही तिनंच. जे ॲप बनेल ते पेशंटच्या कामाचं असेल की नुसतं शोभेचं, याची सगळी जबाबदारी त्या एका माणसावर.

झालं, इथंच घोडं अडलं. कोमलला 'नाही' म्हणता यायचं नाही. मोठ्या माणसाच्या तोंडावर नकार देणं तिच्या घरात कुणी केलंच नव्हतं. 'बघते की', 'घेते की', असं म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची. विश्वस्तांनी काही मागितलं, "घेते की, सर." मोठ्या डॉक्टरांनी मागितलं, "घेते की, सर." अगं बाई, रांगेत वर जागा एकच. सगळ्यांना वर घेतलंस तर खाली कोण जाणार? खाली जायची ती चिठ्ठी, जिच्या बाजूनं बोलायला त्या खोलीत कुणीच नसायचं.

अशी एक चिठ्ठी होती. कोमलनं ती पहिल्याच आठवड्यात स्वतः लिहिली होती: 'उत्तर आलं नाही तर बेड काढून घेऊ नये. आधी माणसानं फोन करावा, शेजाऱ्याला विचारावं, मगच.'

कारण ॲपचा नियम असा होता. पेशंटला आदल्या दिवशी सकाळी दहाला मेसेज जाणार, उद्या येणार का? बारापर्यंत उत्तर आलं नाही, तर त्या दिवसाचा बेड दुसऱ्याला आणि जीपच्या यादीतून नाव कमी. असं लागोपाठ दोनदा झालं, तर बेड कायमचाच प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला. नियम विश्वस्तांचा. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. आठ मशिनी, आणि बाहेर वीस माणसं ताटकळत असताना बेड रिकामा ठेवायचा कुणाच्या जिवावर?

पण मावळातल्या म्हाताऱ्या माणसाचा मोबाइल नंबर म्हणजे मुलाचा नंबर. मुलगा असतो कारखान्यात, आणि कारखान्याच्या गेटवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवूनच आत सोडतात. पहिली शिफ्ट सकाळी सात ते साडेतीन. दहा ते बारा त्या फोनला उत्तर देणार कोण? कोमलचे वडील सीताराम आप्पा अठरा वर्षं तळेगावकडच्या अशाच एका कारखान्यात होते. आजी वारली सकाळी आठला, आणि आप्पांना ते कळलं शिफ्ट सुटल्यावर, साडेतीनला, लॉकर उघडल्यावर. हे टीममधल्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. कोमलला माहीत होतं. त्याचसाठी तर तिला त्या जागेवर बसवलं होतं.

तरी चिठ्ठी खाली गेली. पहिल्यांदा डॉक्टरांच्या महिन्याच्या तक्त्यासाठी. दुसऱ्यांदा ॲपच्या इंग्रजी पडद्यासाठी, कारण देणगीदारांना मराठी वाचता येत नव्हतं. मधल्या काळात ॲप चालूही झालं, आणि पहिले काही दिवस सगळं सुरळीत. कारण बहुतेकांची मुलं तेव्हा दुसऱ्या शिफ्टला होती. सकाळी घरी, फोन हातात.

तिसऱ्यांदा मात्र टीममधल्या ओंकारनंच विषय काढला. पोरगा कमी बोलणारा, पण डोळे उघडे. स्प्रिंट ठरवायला सगळे बसले होते. तो म्हणाला, "ताई, ही बेडची चिठ्ठी दोनदा खाली गेलीय. या वेळेस वर घेऊ या. चार दिवसांचं काम आहे."

सुहास सर म्हणाले, "ॲपचं रीतसर उद्घाटन पंधरा दिवसांवर आलंय. देणगीदारांच्या नावांचा फलक पडद्यावर दिसायला हवा. विश्वस्तांचे सकाळपासून दोन फोन झाले. पण कोमल, निर्णय तुझा."

निर्णय तुझा. म्हणायला किती गोड! कोमलनं चिठ्ठीकडे पाहिलं. आणि आता जे सांगायचं, ते तिनं पुढे कित्येक दिवस स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

आप्पांच्या किडन्या दीड वर्षापूर्वी गेल्या होत्या. कामशेतला बेड नव्हता, म्हणून ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याला जायचे. चार तास मशीनवर, चार तास रस्त्यावर. घरी आले की उलट्या करून निपचित पडायचे. गेल्या महिन्यात त्यांनी जाहीरच केलं होतं, "कामशेतला जागा झाली तर झाली. न्हाईतर मी आता पुन्याला जायाचा न्हाई. मरान यायचं तर हितं घरात येऊ दे." नुसता त्रागा नव्हता तो. आप्पा बोलले की करायचे. आणि आदल्याच दिवशी कोमलनं प्रतीक्षा यादी पाहिली होती. पहिलं नाव, सीताराम ओव्हाळ.

मनात आलं तिच्या. अर्धा क्षण का होईना, आलं. चिठ्ठी खाली राहिली तर कुणाचा तरी बेड सुटेल. मग ती म्हणाली, "फलक घेऊ या. बेडचं पुढच्या वेळेस नक्की." ओंकारनं चिठ्ठी खाली लावली. तिनं हे आप्पांसाठी केलं, की नेहमीसारखं नकार देता आला नाही म्हणून, ते तिचं तिला उमगलं नाही. मला विचाराल तर दोन्ही.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी घरी फोन आला. उद्यापासून मंगळवार-शुक्रवार, सकाळी आठ, कामशेत. चिमाबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. आप्पा दीड वर्षात पहिल्यांदा दाढी करून बसले. शुक्रवारी कोमलनं रजा टाकली, त्यांना स्कूटरवर मागे बसवून पाऊण तासात हॉस्पिटलात नेलं. जुनी मैत्रीण शालन अजून तिथंच सिस्टर होती. तिनं आप्पांना पाच नंबरच्या बेडवर घेतलं, सुया लावल्या, मशीन सुरू केलं. आप्पा छताकडे बघत म्हणाले, "लय बरं झालं बग."

शालन कोमलला बाजूला घेऊन म्हणाली, "नशीब तुझं. सरूबाईंची जागा सुटली."

"सरूबाई? त्यांना काय झालं?"

"काय माहीत बाई. दोनदा उत्तर नाही आलं. ॲपनं नाव काढलं."

सरूबाई म्हणजे पवनेकडच्या एका वाडीवरची म्हातारी. सहा वर्षं कोमलनंच तिला सुया टोचल्या होत्या. एकही खेप तिनं कधी चुकवली नव्हती. तिचा मुलगा गोरख कारखान्यात होता, आणि या आठवड्यात त्याची पहिली शिफ्ट असणार. मंगळवारची खेप गेलेली, आजची गेलेली. म्हणजे गेल्या शुक्रवारनंतर म्हातारीचं रक्त साफच झालं नव्हतं. आठ दिवसांत काय होतं, ते कोमलला कुणी सांगायला नको होतं.

आप्पांकडे बघायला शालनला सांगून ती तशीच स्कूटर काढून निघाली. वाडीवर पोचली तेव्हा अकरा वाजले होते. सरूबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. आडवं पडलं की दम कोंडत होता म्हणून बसूनच. तोंड सुजलेलं, पाय खांबासारखे. शेजारी पिशवी भरून ठेवलेली, तिच्यात चादर आणि बिस्किटाचा पुडा. कोमलला बघून तिचा चेहरा उजळला, तो बघवेना.

"आलीस व्हय गं," ती थांबत थांबत म्हणाली. "मशीन बिगाडली म्हनं? मंगळवारी जीप न्हाई आली. आज बी न्हाई. मी आपली तयार व्हऊन बसती."

"मावशी, कुणाला सांगितलं नाहीत?"

"गोरखनं फोन केलता दवाखान्यात. त्ये म्हनले, ॲपवर हाय, शुक्करवारी जीप यील." ती दम खायला थांबली. "पानी न्हाई प्याले गं जास्ती. तू सांगितल्यालं तसंच. तरी बी फुगलेच बग."

कोमलला रडायलासुद्धा वेळ नव्हता. तिनं शालनला फोन लावला. एकही बेड मोकळा नव्हता. पाच नंबरवर आप्पा होते, अजून दीड तास बाकी. शालन म्हणाली, अशा अवस्थेत इथं आणूच नकोस, तळेगावला मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात ने. वाडीतल्या एकाची गाडी मिळाली. सगळी वाट सरूबाईचं डोकं कोमलच्या खांद्यावर होतं आणि कोमल तिचे श्वास मोजत होती. वडगावच्या पुढे एकदा तिला वाटलं, थांबला. थांबला नव्हता.

गोरख शिफ्ट सुटल्यावर चार वाजता आला. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट तसाच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाकावर तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मॅडम, लॉकर उघडला की मेसेज दिसायचा, तवर बेड गेल्याला. मेसेज येतुया त्या नंबरवर फोन करतुया तर कुनी उचलीतच न्हाई. आज सुट्टी मागितलीती, दिली न्हाई." मग म्हणाला, "सीतारामभाऊ आमच्याच लाइनला हुते. त्यांचा फोनबी लॉकरातच असायचा की. तुमाला तर ठावं हुतं."

ठावं होतं. त्याला अजून कळलं नव्हतं, की आईचा बेड कुणाला मिळालाय. त्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तिनंच सांगितलं. गोरख उठला आणि लांबच्या बाकावर जाऊन बसला.

सरूबाई वाचली. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून वाचली, पण तिला घरी सोडायचं तर दर मंगळवारी-शुक्रवारी कुठं तरी बेड हवा. कोमलनं शनिवारी आप्पांसमोर सगळं मांडलं. चिठ्ठी, फलक, तो अर्धा क्षणसुद्धा. तिला वाटलं होतं, आप्पा म्हणतील, माझं नाव काढ. लेकीला बापाकडून असं काही तरी वाटतंच. आप्पा खाटेवर पाठ करून बसले होते. तसेच पाठमोरे म्हणाले, "मला कशाला सांगितलंस? न सांगता ऱ्हायली असतीस तर मी सुखानं गेलो असतो तितं."

चिमाबाई मधे पडल्या. त्यांनी लेकीचा हात धरला. "काय आदी, काय नंतर, समदं तुज्या हातात हाय म्हनतीस न्हवं? मंग ऱ्हाऊ दे की. त्या बाईला दुसरीकडं बगतील. तिचा ल्योक कमावता हाय. तुज्या बापाला दुसरं कोन हाय?"

सोमवारी सुहास सरांनीही तेच सांगितलं, जरा शहाण्या भाषेत. नियमानं बेड आप्पांना मिळालाय. सरूबाईंना प्रतीक्षा यादीत पहिल्या जागेवर घेऊ. कुणी विचारणार नाही. उद्घाटन होऊ दे, मग शांतपणे बघू. विश्वस्तही फोनवर होते. माणूस वाईट नव्हता. फोनवरूनच ते मनापासून म्हणाले, "कोमल, अगं, वडील आहेत तुझे."

ती म्हणाली, "नाही, सर."

"काय नाही?"

"बेड मावशींचा आहे, उद्यापासून तो त्यांना परत द्यायचा. फलक थांबवा. बेडची चिठ्ठी वर. ती होईपर्यंत ॲपनं कुणाचंही नाव काढायचं नाही." आयुष्यात पहिल्यांदा तिनं थोरल्या माणसाला तोंडावर नकार दिला होता, आणि त्यातून तिला काडीचंही समाधान मिळालं नाही. ती तोंड धुऊन आली. तेवढ्यात ओंकारनं चिठ्ठी सगळ्यांत वर लावली होती.

आप्पांना पुन्हा पुण्याला न्यावं लागलं. चार खेपा कोमलनं त्यांना हाताला धरून, रागावून, पाया पडून नेलं. ते तिच्याशी बोलत नव्हते. गावात बोलणारे मात्र भरपूर. एक म्हणत होता, बापासाठी म्हातारीचा बेड पळवला. दुसरा म्हणत होता, बापाचा बेड काढून परक्याला दिला. आणि दोघांचंही खरं होतं.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी, रिव्ह्यू होता. म्हणजे टीमनं केलेलं काम सगळ्यांसमोर दाखवायचं आणि प्रॉडक्ट ओनरनं ते स्वीकारायचं. विश्वस्त आले होते, डॉक्टर आले होते, कोपऱ्यात शालनही होती. त्या दिवशी सकाळी परंदवडीला आप्पा उठलेच नाहीत. उठवत नव्हतं असं नाही, त्यांना उठायचं नव्हतं. रिक्षा दारात येऊन अर्धा तास थांबली आणि परत गेली. "आता बास," एवढंच ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते. कोमलनं बाबापुता करून पाहिलं. शेवटी चिमाबाईंनी तिला ढकललं, तू जा, मी बघते.

ओंकारनं पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. आठवडाभर नवी पद्धत हॉस्पिटलात चालवून बघितली होती. उत्तर आलं नाही की सिस्टरच्या फोनवर सूचना येते, सिस्टर शेजाऱ्याला फोन लावते, शेजारी ओट्यावर जाऊन विचारून येतो. "या आठवड्यात अकरा जणांकडून वेळेत उत्तर आलं नाही," ओंकार म्हणाला. "जुन्या नियमानं अकराच्या अकरा बेड गेले असते. प्रत्येकाला निरोप पोचला. अकराही जण आले." शालननं मान हलवली. डॉक्टरांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. विश्वस्त म्हणाले, "हे आधी का नाही झालं?"

ओंकारनं शेवटचा पडदा उघडला. काढून घेतलेले बेड: शून्य. त्याच्याखाली प्रतीक्षा यादी. पहिलं नाव, सीताराम ओव्हाळ. समोरच्या रकान्यात, मोकळा बेड नाही.

कोमल त्या अकरा नावांकडे बघत होती. बहुतेकांना तिनं स्वतः सुया टोचल्या होत्या. त्यातलं एक जरी नाव गळलं असतं, तर आज सकाळी आप्पांसाठी रिक्षा कामशेतकडे गेली असती. आणि ते नाव गळू नये, याची तजवीज तिनंच चिठ्ठी वर लावून, पाठपुरावा करून, पक्की करून घेतली होती. टेबलावर तिचा फोन थरथरला. घरून होता. तो थांबला आणि पुन्हा थरथरायला लागला.

"कोमल," सुहास सर हळू आवाजात म्हणाले, "घ्यायचं ना हे?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला ते म्हणता येत नव्हतं.

"मान्य," ती म्हणाली, आणि फोन उचलून बाहेर गेली.